थकलेली तलब

मध्ययुगीन लढायांवरचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचा निम्मा जीव फौजेचा तोल सांभाळण्यात अडकलेला असतो. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी, तिरंदाज भालाइताला भारी, असे चक्र बसवायचे आणि ते कुठे अडकते, कुठे सैल होते यावर वर्षानुवर्षे डोळा ठेवायचा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गेम १९९९ सालचा, पण त्यातले आकडे आजही बदलत असतात. एप्रिल २०२२मध्ये त्यात भारतातल्या काही नव्या सत्ता आल्या. त्यांत गुर्जरही होते. गुर्जरांचा श्रीवंश स्वार अंगावर आलेले बाण चुकवतो. समोरच्या तिरंदाजांचा पहिला मारा फुकट जातो आणि ते पुन्हा नेम धरेपर्यंत घोडा त्यांच्या रांगेत घुसलेला असतो. गुर्जरांच्या घोडदळाची ताकद पुढच्या काळात कमी करावी लागली.

खेळासाठी हा तोल हवाच. दोघे समोरासमोर बसले, तर ज्याने डोके चालवले तो जिंकावा. निव्वळ गुर्जर निवडले म्हणून कोणी जिंकू नये. माझी हरकत वेगळी आहे. या गेममुळे इतिहासाची गोडी लागलेल्या मुलांशी बोलताना दिसते की तोलाची हीच कल्पना त्यांच्या इतिहासातही शिरली आहे. पानिपत म्हणजे गारदी विरुद्ध घोडदळ, गोलाची लढाई विरुद्ध गनिमी कावा. कोणते युनिट कोणावर सोडायला हवे होते, एवढाच प्रश्न उरतो. मराठी फौजांचा तोल शस्त्रांपायी बिघडला नाही असे मी म्हणत नाही. पण त्याहून जास्त तो तलब, म्हणजे शिपायांचा पगार, थकल्यामुळे बिघडला, आणि हे पाहायला बडोद्याइतके उघडे उदाहरण दुसरे नाही.

गेममध्ये एक नाइट उभा करायला साठ अन्न आणि पंचाहत्तर सोने लागते. भालाइताला पस्तीस अन्न आणि पंचवीस लाकूड पुरते. ही किंमत एकदाच मोजायची. मग तो स्वार खेळ संपेपर्यंत तुमचा. महिना भरला म्हणून तो दाराशी येत नाही, घोड्याला वैरण मागत नाही, शेजारच्या राजाने दोन रुपये जास्त देऊ केले म्हणून तिकडे जात नाही. खजिना रिकामा झाला तर नवा शिपाई मिळत नाही, एवढेच. असलेल्यांच्या मनात काही चालले आहे, हा प्रश्नच नसतो.

जुन्या मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला सरकारी घोडा मिळे. सरंजाम, लूट, मुलूखगिरीत वसूल होणारी खंडणी यांवर ही फौज पोसली जाई. बडोद्याच्या गायकवाडांची काठेवाडातली मुलूखगिरी ही तशीच एक चालती तिजोरी होती. या व्यवस्थेत उशीर खपत असे, कारण जो तो आपले पोट काही प्रमाणात स्वतःच बघत होता. कवायती पायदळ आले आणि हा हिशेबच बदलला. गारदी असो की अरब, त्याच्याकडे जमीन नाही, वतन नाही, मागे शेत नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला रोख हवे. रणांगणावर तो घोडदळाहून सरस ठरत होता, पण ज्या राज्याचा महसूल सालाच्या सुगीवर आणि सावकाराच्या हुंडीवर चालतो, त्या राज्याला तो परवडत नव्हता.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याची पलटणे डाव्या बाजूला होती आणि त्यांच्या जवळच दमाजी गायकवाडांचे घोडदळ. कवायती पायदळ आणि मोकळे धावणारे स्वार एका फळीत कसे जुळवायचे, हा पेच तिथे होताच. पण ही लढाई पाहिलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतातली एक गोष्ट मला या पेचाहून मोठी वाटते. लढाईच्या तोंडावर इब्राहिमखान मराठी फौजेचे नेतृत्व करणाऱ्या सदाशिवराव भाऊसाहेबांना भेटतो आणि आपल्या माणसांच्या नियमित पगारासाठी आपण कशी कुरबुर करत आलो, त्यावरून भाऊसाहेब कसे नाराज होत आले, याची आठवण देतो. मरायला निघालेला सेनापती निघताना पगाराविषयी बोलतो! त्याने शब्द राखला. सगळे राखतीलच असे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या दिवशी, शनिवारवाड्यात घुसलेल्या गारद्यांचा गिल्लाही थकलेल्या पगाराचाच होता. त्यामागे कारस्थान होते हे खरे, पण कारस्थानाला निमित्त मिळाले ते थकबाकीचे.

बडोद्यात १८०० साली गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आले ते दुबळ्या मनाचे आनंदराव. त्यांचा सावत्र भाऊ कान्होजी याने कारभार बळकावला, अरबांच्या मदतीने त्याला बाजूला सारले गेले, दिवाण रावजी आपाजींच्या हाती सूत्रे आली आणि कडीचे जहागीरदार मल्हारराव गायकवाड त्यांच्याविरुद्ध उठले. या सगळ्या घालमेलीत पगारी अरब फौजेच्या जमादारांचे वजन वाढत गेले. वेशी त्यांच्या ताब्यात होत्या, राजाही त्यांच्याच पहाऱ्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची बांयधरी, म्हणजेच जामिनकी. दरबाराने दिलेल्या शब्दावर सावकार विश्वास ठेवत नसे. अरब जमादार जामीन राहिला, तर व्यवहार होई. आणि त्याच अरबांची तलब दरबाराकडे थकलेली! म्हणजे ज्याचे देणे लागतो, तोच आपल्या शब्दाचा जामीन. राज्याची पत शिपायाच्या तलवारीवर उभी होती आणि शिपाई घेणेकरी होता. एवढा बिघडलेला तोल कोणत्याही गेममध्ये मी पाहिलेला नाही.

रावजी आपाजींनी इंग्रजांना बोलावले. जानेवारी १८०२मध्ये मेजर वॉकर बडोद्यात आला. कडीवर आधी माघार आणि मग जादा कुमक येऊन एप्रिलअखेर विजय, असे ते प्रकरण मिटले. पण अरब तसेच होते. ते रोख रकमेशिवाय हलेनात. डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने बडोद्यालाच वेढा घातला आणि २६ डिसेंबरला अरबांनी हत्यारे खाली ठेवली. अटी पाहा : त्यांची थकबाकी, सुमारे साडेसतरा लाख रुपये, चुकती करायची आणि त्यांनी मुलूख सोडायचा. हरलेल्याला पैसे मिळाले, कारण ते खरोखरच त्याचे होते. ही रक्कम कर्जाने उभी राहिली. अरबांच्या जामिनक्या कंपनीने आपल्याकडे घेतल्या आणि दरबाराच्या जुन्या शब्दांची राखणदार ती झाली. २१ एप्रिल १८०५च्या तहात तीन हजार तैनाती पायदळाच्या खर्चापोटी ११ लाख ७० हजारांचा मुलूख तिला तोडून दिला गेला. रोख पगाराच्या पायदळाचा प्रश्न सुटला खरा. पण ते पायदळ आता दुसऱ्याचे होते.

अरबांना खलनायक ठरवणारी वर्णने मला पटत नाहीत. दूरदेशी येऊन जिवावर उदार होणाऱ्या माणसाने घामाचे पैसे मागितले, यात बंडखोरी ती काय? दोष असलाच तर त्या कारभाराचा, ज्याने रणांगणावरची गरज ओळखली, पण तिजोरीची रीत बदलली नाही.

तुर्कस्तानात बनलेल्या ‘माउंट अँड ब्लेड : बॅनरलॉर्ड’मध्ये सैनिकांना रोजचा पगार द्यावा लागतो. तो थकला की हिंमत खचते आणि माणसे पळून जातात. हे पाऊल मोठे आहे आणि मला त्याचे खरेच कौतुक वाटते. तरीही तिथला शिपाई फक्त निघून जातो. तो वेशीवर बसत नाही, राजाला अडकवत नाही, सावकाराशी बोलत नाही. मराठ्यांच्या इतिहासावर गेम करण्याची स्वप्ने आपली मुले पाहत आहेत. त्यांनी घोडदळाचे आणि दांडपट्ट्याचे आकडे जरूर बारकाईने बसवावेत. पण एक प्रसंग १८०१च्या बडोद्याचा ठेवावा. खेळाडू रावजी आपाजींच्या जागी. खजिन्यात पुरेसे रोख नाही. अरबांना काढावे, तर थकबाकी द्यावी लागते. ठेवावे, तर ती वाढते. सावकार कर्ज देईल, पण त्या अरबांच्याच जामिनकीवर. मुलूखगिरीवर फौज पाठवावी, तर शहर रिकामे पडते आणि मल्हारराव कडीत टपलेले आहेत. मुंबईच्या इंग्रजांना पत्र लिहायचा पर्याय पहिल्या दिवसापासून समोर असावा, आणि त्याची किंमत मात्र चार वर्षांनी कळावी.