घर, शाळा आणि निरोप्या

आईबाप आणि शिक्षक यांची गांठ बहुधा तक्रारीच्या निमित्तानेंच पडते. शाळा चिठ्ठी धाडते, घर जाब विचारतें. आणि मध्यें सांपडलेल्या मुलास दोहोंकडचा निरोप्या व्हावें लागतें. अशा निरोप्यास खोटें बोलण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असें ठरविलें. परंतु कायदा खुर्ची देतो, विश्वास देत नाहीं. आम्हीही बाप या नात्यानें मुलादेखत शिक्षकांस नांवें ठेविलीं आहेत, आणि अध्यापक या नात्यानें विद्यार्थ्यादेखत बापांस. दोन्ही वेळां न्याय आमच्या बाजूस असेलही. शिक्षा मात्र मुलासच झाली. मतभेद अवश्य असावेत. पण ते मोठ्यांनीं एकमेकांसमोर बसून बोलावेत, मुलाच्या तोंडून नव्हे.