आप्त कोण?

वर्गात इंटरनेट असावे की नसावे, हा वाद आता मागे पडला. पुष्कळ शाळांत ते आलेच आहे. त्याच्या शब्दावर मुलाने किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र उरतो आणि तो नैतिक आहे.

आपल्या न्यायदर्शनाने चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द आप्ताचा हवा. विषय जाणणारा आणि जाणले तसेच सांगू इच्छिणारा, तो आप्त. संगणकाच्या पडद्यावर जाणकार आणि वाचाळ एकाच रांगेत उभे असतात.

१९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसविला. वस्तीतील मुले शिक्षकावाचून तो चालवू लागली. बालजिज्ञासेचा हा मोठाच दाखला. परंतु चालविता येणे निराळे आणि पारखता येणे निराळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर तयार निबंधच हाती पडतो. त्यातील चूकही ठामपणे लिहिलेली असते आणि तिचा जाब विचारावा असा कोणी समोर नसतो.

शिक्षकाचे काम येथून सुरू होते. त्याने आधी मुलाकडून वहीत स्वतःचा तर्क लिहून घ्यावा, मग शोधू द्यावे, आणि शेवटी विचारावे : “कशावरून?” हा प्रश्न वर्गातून गेला, तर परक्याचे मत आपले म्हणून सांगण्याची सवय बालपणीच जडेल, आणि पुढे त्या मुलाला तो अप्रामाणिकपणा वाटणारही नाही.