उमेदवारी आणि विवेक

मृत्युशय्येवर असलेल्या गंगाधरराव नेवाळकरांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीत दत्तक घेतले आणि त्या बालकाचे नाव दामोदरराव ठेवले. विधी यथासांग पार पडला, कंपनीचे अधिकारी साक्षीला होते. तरीही डलहौसीने तो वारस राज्यासाठी अमान्य ठरवला. प्रमुख कोणी निवडावा, या प्रश्नाचा निर्णय धर्मशास्त्राने केला नाही, सत्तेने केला.

त्याच झाशीच्या नगरा वस्तीत राहणारा माणूस आज प्रजा नसून नागरिक आहे. मात्र राष्ट्रपतीच्या निवडणुकीत त्याला स्वतःचे मत नाही. ते त्याचे खासदार-आमदार देतात. त्यांच्यापुढेही जी नावे येतात, ती पक्षश्रेष्ठींच्या बैठकीत आधीच ठरलेली असतात. मतदान गुप्त असते, पक्षादेशाचे बंधन नसते. म्हणजे कायद्याने विवेकाला जागा ठेवली आहे. प्रश्न असा, की विवेकाने बोलावे केव्हा?

१९६९ साली या प्रश्नाला विलक्षण धार आली. बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने ठरवले. यशवंतराव चव्हाणांचे मत रेड्डींच्या बाजूने पडले. पुढे इंदिराजींनी रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही केली आणि मतदान जवळ आल्यावर सदस्यांना विवेकाला स्मरून मत देण्याची मुभा मागितली. दुसरीकडे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागत होते. एका बाजूने सही मोडली, दुसऱ्या बाजूने तत्त्व वाकवले. आणि दोन्ही बाजूंच्या तोंडी भाषा मात्र नीतीची होती.

त्या दोन पक्षांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मते मिळवून ते तिसरे आले. पहिल्या फेरीत कोणालाच आवश्यक मताधिक्य मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा निसटत्या फरकाने विजयी झाले. देशमुखांचा पराभव इतिहासाच्या तळटिपेत गेला. पण विवेकाचा विचार करताना मला त्या तळटिपेपाशीच थांबावेसे वाटते. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाला विरोध म्हणून याच गृहस्थांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

दोन्ही प्रसंगी शब्द एकच: विवेक. भेद आहे तो किमतीचा. १९५६ मध्ये ज्याने विवेकाचे नाव घेतले, त्याचेच पद गेले. १९६९ मध्ये ज्यांनी ते घेतले, त्यांची सत्ता दृढ झाली. एवढ्यावरून दुसरा विवेक खोटा ठरत नाही. माणसाची खात्री आणि त्याचा लाभ कधी कधी एकाच दिशेला असू शकतात. परंतु ज्या आवाजाची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, त्याची कसून उलटतपासणी करणे हे आपले कर्तव्य ठरते.

यावर कोणी म्हणेल, की पक्षशिस्त नसेल तर पक्षच उरणार नाही. हे खरे आहे. म्हणूनच विवेकाची खरी वेळ नाव ठरवण्याची असते. बैठकीत गप्प राहून मतपेटीशी बोलणारा विवेक उशिरा येतो. सही केल्यावर येणारा तर त्याहून उशिरा. ज्याला नाव मान्य नाही, त्याने सही नाकारावी आणि त्याचे परिणाम सोसावेत.

नगऱ्यातल्या नागरिकाला त्या बैठकीचे दार बंदच असते. त्याच्या वतीने आत बसलेल्यांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे, की ते पक्षासाठी आज्ञाधारक वारस शोधत नसून, प्रसंगी आपल्यालाच नकार देऊ शकेल असा माणूस निवडत आहेत. असा माणूस निवडण्याचे धैर्य ज्या पक्षात नाही, त्याने मतदारांच्या विवेकाला हाक मारू नये.