पाणी उतरलं का?

थंडी पडू लागली की कॅमेऱ्याची बॅग निघते आणि कॅलेंडरवर रविवार शोधले जातात. मीही बरीच वर्षं तेच करायचो. मग एका डिसेंबरात उजनी धरणाकाठच्या कुंभारगावातल्या होडीवाल्या मामांना फोन केला, "परवा येतोय, रोहित आलेत ना?" मामा म्हणाले, "पाणी लई हाय अजून. पाय कुठं टेकवतील ते?"

तेव्हापासून आधी उजनीचा साठा बघतो, रविवार नंतर.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालतो, चोच उलटी धरतो आणि चिखलातले बारीक जीव गाळून खातो. खोल पाणी त्याच्या कामाचं नाही. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं आणि भिगवणच्या बाजूची कितीतरी शेतजमीन फुगवट्याखाली गेली. पाणी ओसरतं तशी तीच जमीन कडेकडेनं उघडी पडते, आणि तिथल्या उथळ पाण्यात हे गुलाबी थवे उतरतात. पावसाळा दणदणीत झाला, धरण काठोकाठ राहिलं, की त्यांचं येणं लांबतं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी ते लवकर दिसतात.

म्हणजे माझ्या फोटोंचं चांगलं वर्ष हे सोलापूरच्या नळाला आणि इथल्या उसाला जड जाणारं वर्ष. 'उजनी मायनसमध्ये', म्हणजे वापरायचा साठा संपला, ही बातमी वाचली की माझ्या डोळ्यांपुढे आधी उथळ पाणी येतं, ऊस मागाहून आठवतो. या क्रमाची मला मनापासून लाज वाटते.

हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब त्या मानानं सोपे. ते काठच्या शेतांतही चरतात. रोहितसाठी मात्र पाण्यालाच विचारावं लागतं, आणि ते मामांइतकं कुणाला कळत नाही.

पहाटे होडीत बसलो की माझी एकच विनंती असते: इंजिन लांबच बंद करू या. उडत्या थव्याच्या फोटोसाठी होडी थेट पक्ष्यांत घालायला सांगणारे लोक मी पाहिलेत. रोहितला उडण्याआधी पाण्यावरून बरंच धावावं लागतं. फोटोत ते धावणं देखणं दिसतं, पण पक्ष्याचं सकाळचं खाणं तिथंच मोडतं. ऊन कडक होईपर्यंत तास-दोन तास मिळतात, तेवढा वेळ गप्प बसलं तर चरता चरता थवा आपणहून जवळ सरकतो.

मामा बांबू चिखलात रोवून होडी थांबवतात. निघताना तो उपसतात, ओल कुठवर चढलीय ते अंगठ्यानं दाबून बघतात आणि हळूच म्हणतात, "गेल्या आठवड्यापरीस वीतभर कमी."