तामारेचा आक्रोश आणि आपली मंडळी

शास्त्रपाठ : २ शमुवेल १३:१-२२



दाविदाची गोफण, गल्याथाचा पाडाव, योनाथानाची मैत्री हे सारे आपण शब्बाथ शाळेत आवडीने शिकवतो. पण दुसऱ्या शमुवेलाचा तेरावा अध्याय आला की आपण हळूच पाने उलटतो. विषय लाजिरवाणा आहे, असे आपल्याला वाटते. परंतु पवित्र शास्त्राने तो लपवलेला नाही, आणि आज तर तो वाचण्याची फार गरज आहे.

या अध्यायात तामारेवर बाहेरच्या शत्रूने हात टाकला नाही. आजाराचे सोंग घेऊन तिला भाकरी करावयास बोलावणारा अम्नोन तिचा सावत्र भाऊ होता. ती नाही म्हणाली, त्याला समजावले, राजाकडे रीतसर मागणी घाल असेही सुचवले. त्याने ऐकले नाही. पाप करून झाल्यावर त्याला तिचाच तिटकारा आला आणि त्याने तिला बाहेर काढून दाराला कडी लावविली. तिने डोक्यावर राख घातली, अंगरखा फाडला व मोठ्याने आक्रोश केला.

आता भोवतालची माणसे पाहा. योनादाबाने युक्ती सांगितली. चाकराने हुकूम पाळला. अबशालोमाने तिला गप्प राहावयास सांगितले. कारण काय, तर तो तुझा भाऊ आहे! दावीद राजा संतापला, पण त्याने केले काहीच नाही. पुढे दोन वर्षांनी त्या घरात खून पडला. झाकलेले पाप असे फळ देते.

बंधूंनो, आज आपल्या घराघरांत या पापाबरोबर एक रोगही येतो आहे. त्याचे नाव एच.आय.व्ही. हा रोग वाईट चालीच्या बायकांना होतो, अशी आपली समजूत असते. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतील ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित व एका नवऱ्याशी निष्ठेने राहणाऱ्या होत्या. दवाखान्यात आलेल्या या स्त्रियांपैकी शेकडा १३.६ जणींना एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली. त्यांचे पातिव्रत्य त्यांना वाचवू शकले नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील २८ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या माहितीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नवऱ्याकडून मारहाण व शरीरसंबंधाची बळजबरी अशा दोन्ही गोष्टी सोसाव्या लागल्या, त्यांच्यात ही लागण छळ नसलेल्या स्त्रियांच्या जवळजवळ चौपट होती. कारणे समजण्यासारखी आहेत. बळजबरीने जखमा होतात व विषाणूला वाट मिळते. मार खाणारी बाई नवऱ्याला निरोध वापर असे सांगू शकत नाही, तपासणीला जावयास भिते, मिळालेल्या गोळ्याही लपवते. आणि लागण उघड झाली की दोष तिच्याच माथी मारून तिला घराबाहेर काढले जाते. अम्नोनाने लावविलेली ती कडी अजून उघडलेली नाही.

आपल्या सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशाकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. माहेर दूर, पगार नवऱ्याच्या हाती, खोली एक. अशी बहीण कोणापाशी रडेल? ती मंडळीकडे येते. तेव्हा आपण काय सांगतो? "सहन कर, प्रार्थना कर, घराची अब्रू राख." हा उपदेश ख्रिस्ताचा नव्हे, अबशालोमाचा आहे.

पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, एवढे अर्धेच वचन काही पुरुष पाठ म्हणतात. पौलाने लगेच पुढे, पतीच्या शरीरावर पत्नीचाही तसाच अधिकार आहे, असे लिहिले आहे (१ करिंथ ७:४). आणि पतीने कसे प्रेम करावे याचा कित्ता म्हणून त्याने वधस्तंभावरचा ख्रिस्त दाखवला (इफिस ५:२५). बळजबरीला तेथे जागा कोठे आहे?

दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती लोकांनी २००० साली हाच अध्याय हाती घेऊन तामारेच्या नावाने मोहीम सुरू केली. मंडळ्यांतून स्त्रिया एकत्र बसून तो वाचू लागल्या आणि वर्षानुवर्षे गिळलेले दुःख बोलू लागल्या. आपणही हे करू शकतो.

वडीलवर्गाने छळाची तक्रार आली तर बाईला त्याच घरी परत पाठवण्याची घाई करू नये. गुजरातेत १८१ या क्रमांकावर 'अभयम' मदत मिळते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिच्या बाजूचा आहे. बळजबरी झाली असल्यास ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितके, रुग्णालयात न्यावे. २८ दिवसांच्या औषधाने लागण टाळता येते. विवाह ठरवताना पगार व घर पाहतो, तशी दोघांनीही राजीखुशीने रक्ततपासणी करावी. सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत आहेत. नियमित औषधाने रोगी दीर्घकाळ जगतो, आणि रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. लागण झालेल्या स्त्रीला राहत्या घरातून काढता येत नाही, असे २०१७ चा कायदा सांगतो. मग प्रभुभोजनाच्या मेजापासून तिला दूर बसवणारे आपण कोण?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तामारेने 'नाही' म्हटले, हे मुलींना शिकवा. पण मुलांना आधी शिकवा की त्या 'नाही'चा मान राखणे हेच पुरुषपण आहे.

बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला लोक विटाळशी म्हणत. प्रभूने भर गर्दीत तिला मुलगी म्हणून हाक मारली (लूक ८:४८). तिला त्याने लपवले नाही, गप्प केले नाही, आणि दोषही दिला नाही.

हे प्रभो, आमच्यातील तामारेचा आक्रोश ऐकावयास आम्हांला कान दे, आणि दाविदासारखे नुसते संतापून बसू नये म्हणून हातांना बळ दे. आमेन.