वाळवंटातील पाणी कोणाचे?

परक्या नगरात पाऊल ठेवताच मनुष्य त्याविषयी मत बनवितो. डोळ्यांस दिसते ते खोटे नसते. पण डोळ्यांस हिशेब दिसत नाही. ह्याचे एक उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

अमेरिकेत शिकागोहून मोटारीने निघालेला प्रवासी मक्याची शेते, टेक्ससचे उघडे माळ व न्यू मेक्सिकोची तांबडी भूमी ओलांडून, पावणेदोन हजार मैलांच्या प्रवासाअंती, ॲरिझोना प्रांतातील फीनिक्स नगरास पोहोचतो. शेवटच्या दीडशे मैलांत रस्ता सात हजार फुटांवरील देवदारी रानांतून खाली तापलेल्या सपाटीवर उतरतो. तेथे निवडुंग माणसांहून कितीतरी उंच वाढतात. सन २०२३ च्या उन्हाळ्यात तेथे ओळीने ३१ दिवस उष्णमान ११० अंश फारेनहाइट किंवा त्याहून अधिक होते. अशा ठिकाणी सोळा लक्षांची वस्ती, हिरवळ व पोहण्याचे हौद पाहून एक प्रवासी म्हणतो, “केवढा हा उद्योग!” दुसरा म्हणतो, “केवढी ही उधळपट्टी!” आमच्या मते दोघेही घाई करितात; कारण हे पाणी कोणाचे, हे कोणीच विचारीत नाही.

ह्या खोऱ्यात प्रथम पाट खणिले ते होहोकाम लोकांनी. त्यांच्यापाशी लोखंडी हत्यारे नव्हती, ओझ्याची जनावरे नव्हती. तरी त्यांनी शेकडो मैल पाट काढिले. सुमारे सन १४५० च्या सुमारास ती वस्ती मोडली. सन १८६७ नंतर आलेल्या गोऱ्या लोकांनी तेच बुजलेले पाट उकरून शेती मांडिली. जुन्या वस्तीच्या अवशेषांतून नवी उठली, म्हणून राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव तिला दिले.

नगराच्या दक्षिणेस हिला नदीकाठी पिमा लोक राहतात. होहोकाम हे आपले पूर्वज, असे ते मानितात. सन १८४९ मध्ये सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियाकडे निघालेले प्रवासी वाळवंटातून थकून भागून ह्यांच्या गावी येत. त्यांस प्रथम दिसे ती पिमांची हिरवी शेते. आणि तेथे त्यांस गहू व पाणी मिळे. पुढे थोड्याच वर्षांत नव्या वसाहतवाल्यांनी वरच्या अंगास नदी अडवून पाणी आपल्या शेतांकडे वळविले. ज्यांनी वाटसरूंस अन्न पुरविले, त्यांच्याच मुलांवर शतकाच्या अखेरीस उपासमारीची पाळी आली.

न्याय आला, पण फार उशिरा. सन २००४ च्या कायद्याने त्यांस वर्षास साडेसहा लक्ष एकर-फुटांहून अधिक पाण्याचा हक्क मिळाला. त्यांतील मोठा भाग कोलोरॅडो नदीवरून ३३६ मैलांच्या कालव्याने येतो. ती नदीही आता आटत आहे. सन २०२१ मध्ये सरकारास तिच्या पाण्याची टंचाई प्रथमच जाहीर करावी लागली. सन २०२३ मध्ये ह्याच लोकांनी, सरकारकडून मोबदला घेऊन, आपल्या वाट्याचे काही पाणी सर्वांच्या जलाशयात राहू देण्याचे मान्य केले.

आता प्रश्न असा की, फीनिक्समध्ये आज नळ सोडणारा गृहस्थ दोषी आहे काय? त्याने कोणाची नदी अडविली नाही. तो पाण्याचे दाम भरितो. त्यास चोर म्हणणे अन्यायाचे होईल, असे आम्हांस वाटते. परंतु बापाचा दोष पुत्राकडे येत नसला, तरी बापाचे ऋण येते. वडिलोपार्जित शेत घ्यावे आणि त्यावरील कर्ज नाकारावे, ही रीत कोणत्याही गावात चालत नाही. म्हणून त्या गृहस्थास तीन गोष्टी करणे प्राप्त आहे: पाट कोणी खणिला हे जाणणे, पाणी जपून वापरणे, आणि ज्याचे त्यास देण्याची वेळ आली असता कुरकुर न करणे.

वाचकहो, ज्या पाटाचे पाणी आपण पितो, तो बहुधा दुसऱ्याच कोणी खणिलेला असतो. हिरवळ पाहून वाहवा करणे सोपे, नावे ठेवणेही सोपे. तिचे ऋण मानून फेडणे हेच अवघड, आणि तेच आपले कर्तव्य होय.