कोणी कोणाला धरायचे?

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या धाकट्या लेकीने अ‍ॅनिमल शेल्टरमधून दोन महिन्यांचे मांजरीचे पिल्लू घरी आणले. माझा विरोध होता. पण आमच्या घरात माझा विरोध फक्त नोंदवून घेतला जातो! पिल्लाचे नाव 'मनी' ठेवले गेले आणि आठवड्याभरात तिने घरातल्या एकमेव विरोधकाचीच निवड केली. संध्याकाळी क्लिनिकमधून येऊन सोफ्यावर बसलो की ती चढून माझ्या हातावर यायची, चारही पाय खाली सोडून द्यायची आणि घुर्रघुर्र करत झोपून जायची.

मी डॉक्टर असल्यामुळे आधी मला नवल वाटले ते तिच्या तोलाचे. मांजर उंचावरून उलटे पडले तरी पायांवर उतरते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. 1894 साली एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेतली, तेव्हा आधाराला काही नसताना ते हवेत वळते कसे, याने भले भले चक्रावले. त्याचे नीट गणिती उत्तर 1969 मध्ये केन आणि शेर यांनी मांडले. कानाच्या आतल्या भागातली तोल सांभाळणारी यंत्रणा 'खाली' कुठे आहे हे सांगते. आधी डोके वळते, मग पुढचे शरीर, मग मागचे. पिल्लू सहा-सात आठवड्यांचे होईपर्यंत ही कला त्याच्या अंगी पुरती बाणते. म्हणजे माझ्या हातावर लोळणाऱ्या मनीला स्वतःला सावरणे उत्तम येत होते. येत असूनही ती सावरत नव्हती. हे मला विशेष वाटले.

मांजरीच्या पिल्लाचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांना दोन जुने दृष्टांत आठवतील. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते. हात सुटला की ते पडलेच. हा मर्कटकिशोर न्याय. मांजरीचे पिल्लू मात्र काहीच धरत नाही. आई त्याला मानगुटीला धरून सात घरे फिरवते आणि ते अंग सैल सोडून लोंबकळत राहते. हा मार्जारकिशोर न्याय. रामानुजाचार्यांच्या परंपरेत तेराव्या-चौदाव्या शतकात यावरून दोन पक्ष पडले. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे म्हणाले, जीवाने काही करायचे नाही, देवच उचलतो. वेदान्त देशिकांना मानणारे म्हणाले, कृपा देवाचीच, पण निमित्तापुरता का होईना, जीवाने हात पुढे करायला हवा. रामकृष्ण परमहंसही ही दोन पिल्ले वारंवार सांगत.

गंमत म्हणजे माणसाच्या बाळात ही दोन्ही पिल्ले असतात. मिरजेला शिकत असताना बालरोग विभागात आमच्या सरांनी एका दिवसाच्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवायला सांगितले होते. त्या चिमुकल्या मुठीने माझे बोट असे पकडले की सोडवताना मीच घाबरलो. लुई रॉबिन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी 1891 मध्ये नवजात बाळे काठीला धरून काही सेकंद लोंबकळू शकतात हे दाखवले होते. हे झाले माकडाचे पिल्लू. उलट, 2013 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रडणाऱ्या बाळाला घेऊन आई उभी राहून चालू लागली की ते शांत होते आणि त्याच्या हृदयाचे ठोकेही मंदावतात. आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक होते. हे झाले मांजराचे पिल्लू.

आपण इथे आलेले बहुतेक जण मर्कट पंथाचे. दोन बॅगा, पुन्हा दिलेल्या परीक्षा, रेसिडेन्सीतल्या जागरणाच्या रात्री. आपणच धरले म्हणून टिकलो, असे आपल्याला वाटते आणि त्यात खोटे काही नाही. त्यामुळे कोणावर अंग टाकणे आपल्याला कमीपणाचे वाटते. मलाही वाटायचे. पण मनीकडे पाहताना मला वेगळीच गोष्ट आठवू लागली आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

बाबा सांगलीला असत. दर रविवारी फोन ठेवताना मी म्हणायचो, "काळजी करू नका, मी आहे ना." हे वाक्य मी पेशंटनाही म्हणतो. ते माझ्या तोंडात बसले आहे. बाबांनी मात्र ते शब्दशः घेतले. रात्रीच्या सोबतीला माणूस ठेवू या असे आई म्हणाली, तर ते म्हणाले, "कशाला? मुलगा डॉक्टर आहे." बाथरूममध्ये आधाराचे दांडे लावायचेही राहिले. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई पुण्याला माझ्या बहिणीकडे गेली असताना बाबा मध्यरात्री बाथरूममध्ये घसरले. खुब्याचे हाड मोडले. पहाटे दूधवाल्याने बराच वेळ बेल वाजवली, तेव्हा शेजाऱ्यांना कळले. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "आलास ना, आता काळजी नाही." पुढच्या वर्षी ते गेले.

रोज कितीतरी म्हाताऱ्या पेशंटना मी विचारतो, "घरात पडलात का? रात्री दिवा असतो का? जवळ कोण असते?" हे तीन प्रश्न मी माझ्या वडिलांना कधी विचारले नव्हते. त्यांनी माझ्या हातावर भार टाकला होता आणि तो हात सात समुद्रांपलीकडे होता.

दोन्ही न्यायांत चर्चा होते ती पिल्लाने काय करावे याची. धरणारा हात तिथे परमेश्वराचा आहे, त्याबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण माणसामाणसांत हा दृष्टांत लावताना पहिला प्रश्न हाताचा असायला हवा. मांजराच्या पिल्लाचा विश्वासही आकाशातून पडत नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास माणसांनी त्याला हळुवार हाताळले असेल, तरच ते पुढे माणसाच्या अंगावर निर्धास्त झोपते. शेल्टरमधल्या कोणा अनोळखी स्वयंसेवकाने ते काम केले होते, त्याचे फळ मला मिळाले. विश्वास ठेवणे हा पिल्लाचा गुण म्हणावा, तर त्याला पात्र ठरणे हे हाताचे काम आहे. आणि आपला हात कुठवर पोहोचतो हे खरेखरे सांगणे, हाही त्याच कामाचा भाग आहे.

मनी गाढ झोपलेली असताना मी फोन घ्यायला जरा वाकलो की तिची नखे अलगद बाहेर येतात, शर्टात अडकतात, आणि मी स्थिर झालो की पुन्हा आत जातात. डोळे मिटलेलेच असतात. म्हणजे तिने भार टाकला आहे, पण तोल सोडलेला नाही. मला वाटते, दोन आचार्यांमधले अंतरही कदाचित एवढेच असेल. शास्त्राचा अधिकार मला नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

डिसेंबरमध्ये सांगलीला गेलो तेव्हा आईसमोर बसून स्पष्ट सांगितले, "आई, तुला काही झाले तर मला पोहोचायला दोन-तीन दिवस लागतील. मी लगेच येऊ शकत नाही." तिचे डोळे भरले. मलाही पुढे बोलवेना. मग आम्ही दोघांनी मिळून यादी केली. बाथरूममध्ये दांडे बसवले, रात्रीच्या सोबतीला एक बाई ठरवल्या, शेजारच्या मुलाकडे किल्ली दिली. आणि रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी फोन करायचा, एकही दिवस न चुकता. निघताना आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता निदान मला कळलं, कुठं आणि किती टेकायचं ते."

मनी आता चांगली मोठी झाली आहे, हातावर मावत नाही. साडेनऊला फोन लावला की ती मांडीवर येऊन बसते. आई तिकडून विचारते, "मनी आली का रे?" आणि मग आम्ही बोलायला लागतो. "मी आहे ना" असे मी आता म्हणत नाही. "उद्या साडेनऊला करतो" म्हणतो आणि करतो.